चरबी : कमी, जास्त आणि भलत्या जागी

अंगावर चरबी नसली तरी मधुमेह होतो, आणि तो साधासुधा नसतो. जन्मापासून शरीरात मेदपेशीच जवळजवळ नसण्याचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. ब्राझीलचे बेरार्डिनेली यांनी १९५४ मध्ये आणि नॉर्वेचे साइप यांनी १९५९ मध्ये अशा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. गाल बसलेले, हातापायांच्या शिरा वर आलेल्या, स्नायू तालमीत घडवल्यासारखे, आणि भूक मात्र कशानेच न भागणारी. रक्तात मेद इतका साचतो की नळीतला रक्तद्रव पांढुरका दिसतो. यकृत चरबीने फुगते. वयात येता येता मधुमेह उभा राहतो, आणि काहींना दिवसाला शेकडो युनिट इन्सुलिन टोचूनही साखर खाली येत नाही.

अगदी उलट टोकाला एक उंदीर आहे. तो २००७ मध्ये फिलिप शेरर यांच्या गटाने शास्त्रज्ञांपुढे आणला. या जातीच्या उंदराच्या अंगात भूक आवरणारे लेप्टिन बनत नाही. तो खातच राहतो, बेसुमार लठ्ठ होतो आणि त्याला मधुमेह होतो, एवढे जुनेच ज्ञान होते. शेरर यांच्या गटाने त्याच्या शरीरात अ‍ॅडिपोनेक्टिन नावाचे दुसरे संप्रेरक जादा बनेल अशी जनुकीय तजवीज केली. उंदीर बारीक झाला नाहीच, उलट आपल्या लठ्ठ भावंडांनाही त्याने मागे टाकले. पण त्याची साखर ठिकाणावर आली आणि यकृतातली चरबी उतरली. खाल्लेले सगळे त्याने कातडीखाली, जिथे ठेवायचे तिथे ठेवले होते.

चरबी नाही, तरी मधुमेह. चरबी मोप, तरी मधुमेह नाही. सगळा निवाडा वजनकाट्यावर सोपवणाऱ्यांना ही दोन्ही उदाहरणे अडचणीची आहेत, आणि पुढच्या पानांचा विषय नेमका इथून सुरू होतो. लठ्ठपणामुळे मधुमेह होतो हे वाक्य खोटे नाही, पण ते फार लवकर संपते. शिल्लक राहिलेली ऊर्जा मेदऊती कुठे ठेवते, किती काळ सांभाळू शकते, आणि आपली हालहवाल ती मेंदूला, यकृताला, स्नायूंना कोणत्या रसायनांतून कळवते, यावर बरेच काही ठरते.

मेदऊतीला अवयवाचा मान मिळायला विसावे शतक जवळजवळ संपावे लागले. शवविच्छेदनाच्या टेबलावर चरबी म्हणजे बाजूला सारायची वस्तू. खाली दडलेली नस किंवा ग्रंथी दिसावी म्हणून ती काढायची आणि बादलीत टाकायची. ती स्वतः काही बोलत असेल अशी शंका आली ती इंग्लंडच्या गॉर्डन केनेडी यांना. शरीराला आपल्या चरबीचा साठा कसा तरी कळत असला पाहिजे आणि त्यावरून भूक कमीजास्त होत असली पाहिजे, असे त्यांनी १९५३ मध्ये मांडले. कसे कळते, हे सांगायला त्यांच्या हाती काही नव्हते.

ते हाती आले ते अमेरिकेच्या मेन राज्यातल्या बार हार्बर गावी. तिथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ मध्ये उंदरांच्या एका वेतात काही पिल्ले विलक्षण लठ्ठ निघाली. पुढे लठ्ठ आणि मधुमेही अशी आणखी एक जात सापडली. डग्लस कोलमन यांनी या उंदरांवर जे प्रयोग केले ते आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्यांच्या तर्कशुद्धतेला तोड नाही. त्यांनी दोन उंदरांचे रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडले. मधुमेही जातीचा उंदीर निरोगी उंदराला जोडला, तर निरोगी उंदराने खाणे सोडले आणि तो उपासमारीने मेला. मधुमेही जातीचा लठ्ठ जातीला जोडला, तर लठ्ठाने खाणे सोडले. लठ्ठ जातीचा निरोग्याला जोडला, तर लठ्ठाचे खाणे कमी झाले. कोलमन यांनी काढलेला निष्कर्ष सरळ होता. भूक मारणारा एक पदार्थ रक्तातून फिरतो. लठ्ठ जातीला तो बनवता येत नाही, पण मिळाला तर कळतो. मधुमेही जात तो भरपूर बनवते, पण तिला स्वतःला तो कळत नाही. पदार्थाचे नाव ठाऊक नाही, तो कुठून येतो याचा पत्ता नाही, आणि तरी त्याचे वागणे असे नेमके वर्णिलेले. जीवशास्त्रात हे क्वचितच घडते.

त्यानंतर दोन दशकांनी, डिसेंबर १९९४ मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने तो पदार्थ बनवणारे जनुक शोधले. पदार्थ होता लेप्टिन, आणि तो मेदपेशीतून येत होता. अ‍ॅम्जेन या औषध कंपनीने त्याच्या हक्कांसाठी दोन कोटी डॉलर मोजले. स्थूलपणावर इंजेक्शन आलेच, असे वातावरण होते. केंब्रिजमध्ये स्टीफन ओराहिली आणि सदफ फारूकी यांच्याकडे पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांतली दोन चुलत भावंडे आली. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो, दोन वर्षांच्या मुलाचे २९. दोघांच्याही रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हते. मुलीला लेप्टिन टोचायला सुरुवात केल्यावर वर्षभरात तिचे वजन सुमारे १६ किलोंनी उतरले.

पण अशी माणसे जगात बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्या लठ्ठ माणसांचे रक्त तपासले तेव्हा त्यांच्यात लेप्टिन कमी नव्हते, उलट खूप होते. ती कोलमन यांच्या दुसऱ्या जातीच्या जवळची निघाली. बनते, पण कळत नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेप्टिन टोचून घेणाऱ्यांचे वजन माणसागणिक वेगवेगळे आणि एकंदरीत थोडेच घटले. कंपनीचा उत्साह ओसरला.

मला स्वतःला ही निराशा फार बोधप्रद वाटते. लेप्टिन हा 'पुरे, आता खाऊ नका' असे सांगणारा संकेत आहे, ही समजूत तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात होती. पण दुष्काळातून तगून आलेल्या प्राण्याच्या शरीराला जास्त खाण्याची भीती का असावी? त्याला भीती उपासाची. लेप्टिनचे खरे काम ते घटल्यावर दिसते. साठा उतरला की लेप्टिन उतरते, भूक खवळते, शरीर ऊर्जा वाचवू लागते, पाळीसुद्धा थांबू शकते. महिनाभर कडक पथ्य करून घटवलेले वजन पुन्हा का चढते, याचे बरेचसे उत्तर इथे आहे, आणि ते इच्छाशक्तीच्या गोष्टींपेक्षा बरेच प्रामाणिक आहे.

लेप्टिन कामी आले ते भलतीकडेच. सुरुवातीला सांगितलेल्या, चरबीच नसलेल्या रुग्णांकडे लेप्टिनही नसते. म्हणून त्यांना भूक आवरत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत अशा नऊ रुग्णांना चार महिने लेप्टिन दिले. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारे एचबीएवनसी १.९ टक्क्यांनी उतरले होते, रक्तातले ट्रायग्लिसराइड ६० टक्क्यांनी घटले होते आणि फुगलेले यकृत आकसले होते. २०१४ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी ते औषध म्हणून मान्य झाले. दोन कोटी डॉलरांच्या स्वप्नाचा बाजार एवढ्या छोट्या कोपऱ्यात भरला, पण त्या कोपऱ्यातल्या माणसांसाठी तो सोन्यासारखा ठरला.

आता इन्सुलिनकडे. मधुमेह म्हणजे इन्सुलिनची कमतरता, असे १९२१ च्या शोधानंतर सगळेच धरून चालले होते. लंडनचे हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये दाखवले की काही मधुमेही इन्सुलिनला लगेच दाद देतात आणि काही देतच नाहीत. त्याचा खुलासा व्हायला रक्तातले इन्सुलिन मोजता यावे लागले. ती पद्धत रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी बसवली. १९६० च्या सुमारास त्यांना आढळले की प्रौढपणी मधुमेह झालेल्यांच्या रक्तात इन्सुलिन पुष्कळ असते. यालोंना १९७७ मध्ये नोबेल मिळाले. बर्सन तोवर हयात नव्हते. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतते, स्नायू आणि यकृत दाद देत नाहीत, मग ते आणखी ओतते. वर्षानुवर्षे हे चालते, आणि फास्टिंगच्या रिपोर्टात काहीच दिसत नाही. स्वादुपिंड थकू लागते तेव्हा साखर वर येते. ज्याला आपण 'शुगर निघाली' म्हणतो ती त्या दिवशी निघालेली नसते.

स्नायू दाद का देत नाहीत? अनेक कारणांपैकी मोठे कारण म्हणजे त्यांच्यात शिरलेला मेद. इन्सुलिनचे एक काम मेदपेशीला आवरण्याचे आहे: जेवण झाले, आता साठा सोडू नकोस. मेदपेशीच हा हुकूम मानेनाशी झाली की मेदाम्ले अवेळी रक्तात सुटतात. गावाकडच्या घरातली कणगी डोळ्यांसमोर आणा. कणगी मोठी आणि धड असेल तर घरात किती धान्य आहे याने फरक पडत नाही. ती भरली, फुटली किंवा मुळात नसलीच, तर तेच धान्य माजघरात, चुलीपाशी, अंथरुणावर सांडते. यकृत, स्नायू आणि स्वादुपिंड ही चरबी ठेवायची ठिकाणे नव्हेत. तिथे पोचलेल्या मेदाचे काही तुकडे पेशीच्या आत इन्सुलिनच्या संदेशात अडथळा आणतात. चरबी नसलेले मूल आणि ढेरपोट्या गृहस्थ एकाच आजारापाशी पोचतात ते यामुळे.

संप्रेरकांची बाजू इथे येऊन मिळते. बॉस्टनमध्ये गोखान होतामिस्लीगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी १९९३ मध्ये, म्हणजे लेप्टिनच्या वर्षभर आधी, लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा दाहकारक पदार्थ जादा बनत असल्याचे दाखवले. तो अडवला की उंदीर इन्सुलिनला पुन्हा दाद देऊ लागत. दहा वर्षांनी कळले की तो मुख्यतः मेदपेशींच्या अवतीभवती जमलेल्या भक्षक पेशींतून येतो. मेदपेशी फुगते, तिला प्राणवायू पुरत नाही, ती मरू लागते, आणि भक्षक पेशी तिच्याभोवती कडे करून बसतात. अंगात एखादा किरकोळ संसर्ग वर्षानुवर्षे धुमसत असावा तसा हा दाह. तरीही टीएनएफ अडवणारे औषध मधुमेही माणसांना देऊन पाहिले तेव्हा इन्सुलिनची दाद सुधारली नाही. उंदीर आणि माणूस यांच्यातले अंतर या विषयात वारंवार नडते. २००१ मध्ये गाजावाजा झालेले रेझिस्टिन हे संप्रेरक उंदरात मेदपेशीतून येते, माणसात मुख्यतः भक्षक पेशींतून. २००४ मध्ये जाहीर झालेल्या व्हिस्फॅटिन या आणखी एका संप्रेरकाचा मूळ निबंध तर २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. अशा नावांची यादी लांबलचक आहे. त्यांतली बहुतेक या पुस्तकात नाहीत, आणि त्याची मला खंत नाही.

अ‍ॅडिपोनेक्टिनची गोष्ट निराळी. १९९५ च्या आसपास अमेरिकेत आणि जपानात जवळपास एकाच वेळी ते सापडले. इतर संप्रेरकांच्या तुलनेत रक्तात ते प्रचंड प्रमाणात असते. ते मेदपेशीतून येते, पण चरबी वाढली की कमी होते. ते जास्त असलेल्यांना मधुमेह कमी होतो, दक्षिण आशियाई लोकांत ते गोऱ्यांच्या मानाने कमी आढळते, आणि पायोग्लिटाझोन हे औषध ते वाढवते. हे औषध तर आपल्या विषयाचा चालताबोलता दाखला आहे. घेणाऱ्याचे वजन वाढते आणि मधुमेह सुधारतो, कारण ते कातडीखाली नव्या मेदपेशी घडवते आणि यकृतातला मेद तिकडे वळवते. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून जून २०१३ मध्ये भारतात त्याची विक्री थांबवली होती. पुढच्याच महिन्यात इशाऱ्यासह परवानगी परत दिली. अ‍ॅडिपोनेक्टिनबद्दल मात्र हात राखूनच बोलायला हवे. ज्यांच्यात ते जन्मतः जनुकांमुळेच कमी असते त्यांना मधुमेह जास्त होतो, असे मोठ्या जनुकीय अभ्यासांतून निघालेले नाही. माणसात ते रक्षण करते, की मेदऊती निरोगी असल्याची केवळ खूण आहे, हा वाद मिटलेला नाही. माझा कल खुणेकडे आहे.

चरबीची जागा महत्त्वाची हे सर्वांत आधी म्हणणारे मार्सेचे डॉक्टर जाँ व्हाग. पोटावर, छातीवर, मानेवर चरबी धरणाऱ्यांना मधुमेह आणि हृदयविकार होतो, नितंब-मांड्यांवर धरणाऱ्यांना तितका नाही, असे त्यांनी १९४७ मध्येच लिहिले. फार कुणी लक्ष दिले नाही. २००४ मध्ये सेंट लुइसच्या सॅम्युएल क्लाइन यांच्या गटाने त्यावर जणू प्रयोगच करून पाहिला. पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या कातडीखालची सुमारे दहा किलो चरबी नळीने ओढून काढली आणि दहा-बारा आठवड्यांनी तपासणी केली. इन्सुलिनची दाद होती तिथेच. लायपोसक्शनच्या जाहिराती पाहताना हा प्रयोग आठवावा. काढली ती चरबी बिचारी आपल्या जागी गुमान बसलेली होती; यकृतातल्या आणि आतड्यांभोवतीच्या चरबीला नळी पोचतच नाही. स्टॉकहोमच्या कर्स्टी स्पाल्डिंग यांनी २००८ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग पेशींत काढून त्यांनी मेदपेशींचे वय मोजले. त्यांची संख्या बालपणी आणि किशोरवयात ठरते, पुढे दरवर्षी साधारण दहावा हिस्सा मरून नवा येतो, आणि वजन घटले तरी संख्या तीच राहते.

हे सगळे वाचताना पुण्याचे नाव सारखे मनात येत असेल, तर ते बरोबरच आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी जानेवारी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्याकडच्या 'बारीक आहे हो, पण पोट सुटलंय' या नेहमीच्या शेऱ्याला जागतिक नियतकालिकात मिळालेली ही जागा होती. खरे काम मात्र त्याआधीपासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत चालले होते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या त्या अभ्यासात गरोदर बायका आणि त्यांची बाळे यांची मोजमापे घेतली गेली. बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. पुण्याची बाळे सगळ्याच मापांत लहान होती, पण सारखी लहान नव्हती. पोटातले अवयव आणि स्नायू फार कमी. पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. काडीसारखे मूल, तरी चरबीत मागे नाही. नाळेच्या रक्तात लेप्टिन लंडनच्या बाळांइतके आणि इन्सुलिन त्यांच्याहून जास्त. २००२ मध्ये हे प्रसिद्ध झाले, आणि 'शहरात आलो, वडापाव खाल्ला, मधुमेह झाला' हा सोपा हिशेब अपुरा ठरला. तो चूक नाही, पण त्याची पहिली ओळ आईच्या पोटात लिहिली गेलेली असते. गरोदरपणी फॉलेट भरपूर आणि बी-१२ कमी असलेल्या मातांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती, असेही याच अभ्यासातून २००८ मध्ये पुढे आले.

म्हणून भारतीय उपखंडातल्या माणसाची कणगी लहान, हे गृहीत धरून चालावे. देशभरच्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीने २०२३ मध्ये मधुमेहींचा आकडा दहा कोटींच्या वर दाखवला. त्यांतल्या अनेकांना 'तुम्ही तर लठ्ठ नाही' असे ऐकावे लागले असणार. न्यूकासलच्या रॉय टेलर यांचे म्हणणे असे की प्रत्येकाची सहनशीलता आपापली असते. ज्याच्या त्याच्या मर्यादेपलीकडे मेद गेला की यकृत आणि स्वादुपिंड भरू लागते. त्यांनी सर्वसाधारण वजनाच्या वीस मधुमेहींना वजन घटवायला लावले. २०२३ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत चौदाजणांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात होता. अभ्यास छोटा आहे, पण सडसडीत मधुमेह्याला 'तुम्हाला वजन कमी करायची गरज नाही' असे सांगणाऱ्या डॉक्टरांनी तो वाचायला हवा. स्वादुपिंडात जीव शिल्लक असेपर्यंतच हे जमते. जुन्या मधुमेहात यशाचे प्रमाण घसरते.

महाराष्ट्रात इन्सुलिन हा शब्द घराघरांत पोचवला तो दीक्षित डाएटने. दिवसातून दोनदा, पंचावन्न मिनिटांत, हा नियम लग्नाच्या पंगतीतही चर्चिला जातो. त्या पद्धतीवर इथे निकाल दिलेला नाही. वाचकाने एवढेच ताडून पाहावे की कमी वेळा खाल्ल्याने एकूण किती कमी खाल्ले जाते आणि त्यातून यकृतातला मेद उतरतो का. २०२५ पासून आपल्याकडे मिळू लागलेली वजनाची इंजेक्शने आतड्याच्या संप्रेरकांची नक्कल आहेत, मेदऊतीच्या नव्हे. त्यांचा उल्लेख पुढे ओघाने येतो.

पेशीच्या आत इन्सुलिनचा संदेश कसा पोचतो यावरचे प्रकरण कठीण आहे. ते वगळून पुढे गेले तरी धागा तुटत नाही. लेप्टिन किंवा अ‍ॅडिपोनेक्टिनची रक्ततपासणी कुणी सुचवली तर पैसे वाचवावेत. अपवाद सोडले तर उपचार ठरवायला तिचा उपयोग नाही. त्याऐवजी शिंप्याकडची टेप घ्यावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, उभे राहून, पोट आत न ओढता, श्वास सहज सोडल्यावर मोजावे. पॅंटचे माप इथे चालत नाही, कारण पॅंट ढेरीच्या खाली बसते. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० याच्या पुढे टेप गेली, तर वजन काहीही असो, साखर एकदा तपासून घ्यावी.